बीट्स आणि ए.एम.ची आकृती सारखीच दिसते, मग फरक नेमका काय? (मॉड्युलेशन-डिमॉड्युलेशन, परीक्षा जवळ आली आहे)

अनुनाद१२

फिजिक्सचा पेपर तोंडावर आलाय आणि मी कम्युनिकेशनच्या प्रकरणात अडकलोय. सूत्रं पाठ आहेत, मॉड्युलेशन इंडेक्सची गणितंही सुटतात. पण तोंडी परीक्षेत कोणी "असं का?" विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

पहिली अडचण अशी. ध्वनीच्या प्रकरणात बीट्स शिकलो: जवळजवळ सारख्या वारंवारतेच्या दोन लहरी एकत्र आल्या की आयाम कमी-जास्त होत राहतो. आकृतीत फुगीर, निमुळतं, पुन्हा फुगीर असं दिसतं. ए.एम.चं (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, म्हणजे संदेशानुसार कॅरियरचा आयाम बदलणं) पान उघडलं तर तिथेही जवळपास तीच आकृती. पुस्तक म्हणतं बीट्स ही बेरीज आहे आणि मॉड्युलेशन हा गुणाकार. पण त्रिकोणमितीच्या सूत्राने दोन साइनचा गुणाकार दोन कॉसच्या वजाबाकीत बदलतोच की! मग बेरीज आणि गुणाकार एकच झाले ना?

दुसरी. ५ किलोहर्ट्झचा आवाज ९०० किलोहर्ट्झच्या कॅरियरवर (संदेश नेण्यासाठी वापरलेल्या जलद लहरीवर) चढवला तर लहरीत ८९५, ९०० आणि ९०५ अशा तीनच वारंवारता असतात, असं सूत्र सांगतं. यात ५ कुठे गेले? आणि ते नसतीलच तर रिसीव्हरमध्ये परत कुठून येतात? क्लासमध्ये सांगितलं होतं की कॅरियर म्हणजे गाडी, संदेश म्हणजे माल, आणि रिसीव्हर माल उतरवून घेतो. पण मला गाडीत माल सापडतच नाहीये.

तिसरी अडचण डिटेक्टरच्या (रिसीव्हरमध्ये संदेश परत काढणाऱ्या सर्किटच्या) आर-सीच्या, म्हणजे रोध × कपॅसिटन्सच्या, अटीची आहे, पण आधी या दोन सुटल्या तर बरं.

शेवटचं_पान

अरे, एवढं खोलात कोणी विचारत नाही. म्यू, म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स = संदेशाचा आयाम भागिले कॅरियरचा आयाम. बँडविड्थ म्हणजे संदेशाच्या वारंवारतेची दुप्पट. एकूण पॉवर = कॅरियरची पॉवर × (१ + म्यूचा वर्ग ÷ २). म्यू १ च्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि कॅरियर कशाला हवी विचारलं तर लिही: जास्त वारंवारतेला जास्त ऊर्जा असते म्हणून ती लांब जाते. एवढ्यावर मार्क मिळतात.

प्रयोगवही

अनुनाद, मी फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. बीट्सचा हा प्रश्न जो विचारतो त्याने दोन्ही आकृत्या खरोखर शेजारी ठेवून पाहिलेल्या असतात, म्हणून मला तो मनापासून आवडतो. सविस्तर लिहिते.

तुझेच आकडे घेऊ. कॅरियर ९०० किलोहर्ट्झ, आयाम १० व्होल्ट. संदेश ५ किलोहर्ट्झ, आयाम ४ व्होल्ट.

आधी या दोघांची नुसती बेरीज कर. आलेख कागदावर काढलास तर दिसेल की ९०० किलोहर्ट्झची बारीक, दाट वळणं ५ किलोहर्ट्झच्या संथ लाटेवर बसून वर-खाली होतायत. संदेश वर गेला की लहरीची वरची कडा १४ वर जाते आणि खालची कडा उणे १० वरून उणे ६ वर येते. म्हणजे दोन्ही कडा एकाच दिशेने सरकल्या. पट्टीची रुंदी मात्र २० व्होल्टच राहिली, तिला संदेशाचा स्पर्शही झाला नाही. ही लहर अँटेनाला दिली तर ९०० किलोहर्ट्झ बाहेर पडतील आणि ५ किलोहर्ट्झ तारेतच राहतील. दोघं एका तारेत होते, पण एकमेकांना भेटलेच नाहीत.

आता ए.एम.ची आकृती बघ. वरची कडा १४ वर जाते तेव्हा खालची उणे १४ वर जाते. वरची ६ वर उतरते तेव्हा खालची उणे ६ वर येते. कडा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. परीक्षेत आकृती देऊन "ही मॉड्युलेटेड लहर आहे का?" विचारलं तर एवढंच बघायचं: कडा एका दिशेने सरकतात की विरुद्ध दिशांना. विरुद्ध दिशांना सरकायच्या असतील तर कॅरियरचा आयामच बदलावा लागतो, आणि आयाम म्हणजे साइनच्या पुढचा गुणक. म्हणून तिथे गुणाकार आला:

(१० + ४ साइन संथ) × साइन जलद

"संथ" म्हणजे ५ किलोहर्ट्झचा कोन, "जलद" म्हणजे ९०० चा. कंस सोड. पहिलं पद १० साइन जलद, म्हणजे कॅरियर आहे तशी. दुसरं पद ४ साइन संथ × साइन जलद. तू म्हणतोस तेच सूत्र लाव:

२ साइन क × साइन ख = कॉस (क − ख) − कॉस (क + ख)

म्हणजे २ व्होल्टची एक लहर ८९५ वर आणि २ व्होल्टची एक ९०५ वर. या झाल्या दोन साइडबँड. ताळा करून बघ: तिघी एका तालात आल्या की १० + २ + २ = १४, आणि साइडबँड कॅरियरच्या विरुद्ध झाल्या की १० − २ − २ = ६.

आता तुझा मुद्दा. गुणाकाराचं उत्तर बेरजेच्या रूपात लिहिता येतं हे खरंच आहे. पण ती बेरीज कुणाची आहे ते बघ. आत टाकले ५ आणि ९००, बाहेर आले ८९५ आणि ९०५. या दोन वारंवारता आधी नव्हत्या, त्या नव्याने जन्मल्या. बीट्समध्ये तू आधीच ८९५ आणि ९०५ देतोस आणि बाहेरही ८९५ आणि ९०५ च मिळतात. नुसत्या बेरजेतून नवी वारंवारता कधीच तयार होत नाही, कितीही लहरी घे. या प्रकरणातलं एकच वाक्य मनात कोरायचं असेल तर मी हे निवडेन, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दडलंय.

मग आकृत्या सारख्या का दिसतात? ८९५ आणि ९०५ या प्रत्येकी २ व्होल्टच्या दोन लहरी मिळवल्या की बीट्सची आकृती येते. त्यात मधली ९०० वाली १० व्होल्टची लहर टाकली की ए.एम. येते. बीट्सची आकृती म्हणजे कॅरियर काढून घेतलेली ए.एम. आहे, त्यामुळे साम्य डोळ्यांचा भास अजिबात नाही. पण नीट बघितलं तर दोन फरक लगेच हाती लागतात. बीट्समध्ये निमुळता भाग थेट शून्यावर मिटतो, ए.एम.मध्ये म्यू १ पेक्षा कमी असेल तर मिटत नाही. आणि बीट्सचे फुगवटे सेकंदाला १०,००० येतात (९०५ − ८९५ = १० किलोहर्ट्झ), ए.एम.चे मात्र ५,०००. आपला संदेश ५ किलोहर्ट्झचा आहे, म्हणजे त्याचा खरा आकार ए.एम.च्या कडेवर उमटला. बीट्सच्या कडेवर तो दुप्पट वारंवारतेचा होऊन बसला, कारण शून्याखाली जाणारा अर्धा भाग उलटून वर आला. कॅरियर असते ती कडेला शून्याच्या वर उचलून धरायला.

म्हणून गाडी-मालाचं उदाहरण मला पटत नाही. ते ऐकलं की मुलं कॅरियरच्या आत संदेश शोधत बसतात. वर आलेली १० व्होल्टची कॅरियर बघ: संदेश असो-नसो, मोठा असो-लहान असो, ती १० च राहते. तिच्यात काहीही भरलेलं नाही. सगळा संदेश त्या दोन साइडबँडमध्ये आहे: त्यांचा आयाम सांगतो आवाज किती मोठा, आणि कॅरियरपासूनचं त्यांचं अंतर सांगतं आवाज किती वारंवारतेचा. पॉवर आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वाटणी १०० : ४ : ४. एकूण १०८, म्हणजे कॅरियरच्या १.०८ पट. सूत्रात म्यू = ४ ÷ १० = ०.४ टाक, तेच येईल. म्यू पूर्ण १ केला तरी दोन-तृतीयांश पॉवर कॅरियरमध्येच जाते आणि संदेशाच्या वाट्याला एक-तृतीयांश येते. म्हणूनच काही यंत्रणांत कॅरियर आणि एक साइडबँड दोन्ही गाळून उरलेली एकच साइडबँड पाठवतात. संदेश पूर्ण पोचतो आणि बँडविड्थही निम्मी लागते.

सर्किटमध्ये गुणाकार कसा होतो तेही दोन ओळींत. डायोड किंवा ट्रान्झिस्टरचा व्होल्टेज-करंट आलेख सरळ रेघ नसतो, वाकडा असतो. त्या वाकामुळे करंटमध्ये व्होल्टेजच्या वर्गाचं पद येतं. दोन्ही लहरींची बेरीज त्याला दिली की (क + ख) चा वर्ग होतो, आणि त्यात २कख असतंच. हाच आपला गुणाकार. सोबत ५, १०, १८०० असा पसाराही येतो, म्हणून पुढे ८९५ ते ९०५ एवढंच जाऊ देणारा फिल्टर लावतात.

शेवटचं_पान, सूत्रं अगदी बरोबर दिलीस. पण ऊर्जेचं वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. १० किलोवॅट हे ५ किलोहर्ट्झवरही १० किलोवॅटच आणि ९०० वरही १० किलोवॅटच. अडचण आहे ती अँटेनातून ही पॉवर बाहेर काढण्याची. ५ किलोहर्ट्झची तरंगलांबी ६० किलोमीटर, तिचा चतुर्थांश १५ किलोमीटर. एवढा उंच मनोरा कोण उभारणार? ९०० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३३३ मीटर आणि चतुर्थांश साधारण ८३ मीटर, हे बांधता येतं. तरंगलांबीच्या मानाने अँटेना आखूड असली तर बाहेर पडणारी पॉवर (लांबी ÷ तरंगलांबी) याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीच छोटी तार आणि तोच करंट घेतला तर तरंगलांबी १८० पट कमी केल्यावर पॉवर १८० चा वर्ग, म्हणजे ३२,४०० पट वाढते. हा आकडा लिहिलात तर तपासणाऱ्याला दुसरं काही विचारावंच लागणार नाही. दुसरं कारण म्हणजे सगळ्यांचे आवाज एकाच २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. प्रत्येकाला वेगळी कॅरियर दिली नाही तर ते एकमेकांत मिसळतील.

अनुनाद१२

मॅडम, खूप आभार. आलेख कागदावर दोन्ही काढून पाहिलं. कडांचा फरक इतका स्पष्ट दिसतो की आता आकृत्यांत घोळ होणार नाही.

मग डिमॉड्युलेशनचं असं समजू का: ५ किलोहर्ट्झ लहरीत नाहीत, बेरजेने किंवा फिल्टरने नवी वारंवारता येत नाही, म्हणून रिसीव्हरलाही पुन्हा काहीतरी वाकडं लागणार. तो वाकडेपणा म्हणजे डायोड? आणि असं असेल तर तो कपॅसिटर काय करतो? पुस्तकात नुसती अट दिली आहे: आर-सी हा कॅरियरच्या आवर्तकालापेक्षा खूप मोठा आणि संदेशाच्या आवर्तकालापेक्षा खूप लहान हवा.

प्रयोगवही

अगदी बरोबर! हे तू स्वतः काढलंस, आता ते विसरणार नाहीस.

डायोडशिवाय काय होतं ते आधी बघ. ए.एम.ची लहर शून्याच्या वर जेवढी, खाली तेवढीच असते. कॅरियरच्या कुठल्याही एका आवर्तनाची सरासरी काढ, आयाम ६ असो की १४, उत्तर जवळपास शून्यच. स्पीकरचा पडदा सेकंदाला नऊ लाख वेळा हलू शकत नाही, तो सरासरीच पाळतो. म्हणून नुसती ए.एम. लहर स्पीकरला दिली तर काहीही ऐकू येणार नाही.

डायोडने खालचा अर्धा भाग कापला की चित्र पालटतं. अर्ध्या साइनची पूर्ण आवर्तनावरची सरासरी म्हणजे शिखर भागिले पाय. शिखर ६ असताना सरासरी १.९ व्होल्ट, १४ असताना जवळजवळ ४.५ व्होल्ट. आता सरासरी स्वतःच ५ किलोहर्ट्झने वर-खाली होऊ लागली. आले ५ किलोहर्ट्झ! वारंवारतेच्या भाषेत सांगायचं तर डायोडने शेजाऱ्यांच्या वजाबाक्या केल्या: ९०५ − ९०० = ५ आणि ९०० − ८९५ = ५. या दोन्ही वजाबाक्यांत कॅरियर आहे, हे ध्यानात ठेव. रिसीव्हरपर्यंत कॅरियर सोबत पाठवायचं हे दुसरं कारण. आणि म्हणूनच कॅरियर गाळून पाठवली तर ती रिसीव्हरमध्ये नव्याने तयार करावी लागते.

फिल्म किंवा माहितीपटात कधी जुना क्रिस्टल सेट दिसला तर त्यात एका दगडाच्या तुकड्यावर टेकवलेली बारीक तार असते. तो दगड गॅलिना, शिशाचं खनिज, आणि तो टेकवलेला बिंदू म्हणजे डायोडच. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलिना डिटेक्टरला अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळालं. वाकड्या आलेखाच्या वस्तूने लहर ओळखायची ही कल्पना इतकी जुनी आहे.

आता कपॅसिटर. सरासरीवर समाधान न मानता शिखरच धरून ठेवायचं हे त्याचं काम. लहर वर चढताना डायोड चालू होतो आणि कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो. लहर उतरली की डायोड बंद होतो आणि कपॅसिटर रोधातून हळूहळू रिकामा होतो, पुढचं शिखर येईपर्यंत. आकडे घातले की अट आपोआप उलगडते. कॅरियरचा आवर्तकाल १.११ मायक्रोसेकंद, संदेशाचा २०० मायक्रोसेकंद.

आर-सी १ मायक्रोसेकंद घेतला तर दोन शिखरांच्या मधे कपॅसिटरवरचा जवळजवळ दोन-तृतीयांश व्होल्टेज गळून जातो आणि आउटपुटवर करवतीचे दाते उमटतात.

आर-सी ५०० मायक्रोसेकंद घेतला तर उलट होतं. संदेश शिखरावरून दरीत उतरायला १०० मायक्रोसेकंद घेतो. कडा १४ वरून ६ वर आली, पण कपॅसिटर तेवढ्या वेळात जेमतेम ११.५ पर्यंतच उतरला. दरी त्याला दिसलीच नाही.

४७ किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घे: आर-सी ४७ मायक्रोसेकंद. दोन शिखरांमध्ये सव्वादोन-अडीच टक्केच गळती, आणि दरीतही कडेसोबत उतरता येतं. पुस्तकातल्या अटीत "खूप लहान" असं का म्हटलंय तेही बघ. म्यू जितका मोठा तितकी दरी खोल आणि उतार तीव्र. त्यामुळे वरची मर्यादा √(१ − म्यूचा वर्ग) ÷ (म्यू × २ पाय × संदेशाची वारंवारता) अशी येते. आपल्या आकड्यांना ती साधारण ७३ मायक्रोसेकंद निघते. १०० मायक्रोसेकंद हे २०० पेक्षा लहान असूनही चालणार नाहीत, ४७ चालतील.

प्रॅक्टिकलला संधी मिळाली तर रोधाच्या जागी पोटेन्शिओमीटर लाव आणि सी.आर.ओ.च्या (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) एका चॅनेलवर ए.एम., दुसऱ्यावर डिटेक्टरचं आउटपुट ठेव. दोन्हींची शून्य रेघ आणि व्होल्ट-प्रति-खण एकच कर, म्हणजे आउटपुटची रेघ थेट ए.एम.च्या वरच्या कडेवर बसते. नॉब कमी बाजूला असताना रेघ जाड, केसाळ दिसते. फिरवत गेलास की ती बारीक होत कडेला चिकटते. आणखी फिरवलास तर एका क्षणी उतरत्या बाजूला रेघ कडेपासून सुटते. चढती बाजू अजून गोल असते, पण उतरती पट्टीने आखल्यासारखी तिरकी सरळ होते, आणि पुढची चढण येऊन तिला पुन्हा पकडते. याला डायगोनल क्लिपिंग म्हणतात. तो सुटण्याचा क्षण बघण्यासाठी नॉब दोन्हीकडे सावकाश फिरवत राहा, घाई करू नकोस. पुस्तकातली ती अट तिथे काचेवर उभी असते.

शेवटी १० व्होल्टचा जो स्थिर भाग उरतो तो एका मालिकेतल्या कपॅसिटरने अडवायचा. उरतो ४ व्होल्टचा संदेश. डायोडवर पडणारा व्होल्टेज मुख्यतः त्या स्थिर भागातूनच वजा होतो. जर्मेनियमला साधारण ०.२ ते ०.३, सिलिकॉनला ०.६ ते ०.७. सिग्नल लहान असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो, म्हणून साध्या रिसीव्हरमध्ये जर्मेनियम डायोड वापरत आले.

मनोरा_निवृत्त

मॅडमनी सगळं मुळापासून सांगितलंय. मी ट्रान्समीटरच्या बाजूला नोकरी केली, तिथून दोन गोष्टी सांगतो.

म्यू १ च्या वर गेला की पुस्तक म्हणतं "विकृती येते". ती फक्त आपल्या श्रोत्याला त्रास देत नाही. खऱ्या ट्रान्समीटरमध्ये कॅरियर शून्यावर आली की तिथेच कापली जाते, कडेला टोकदार कोपरा येतो, आणि त्या कोपऱ्यातून नव्या वारंवारता फुटतात. मॅडमचंच तत्त्व, फक्त नको तिथे. त्या १० किलोहर्ट्झच्या पट्ट्याबाहेर पसरतात आणि शेजारच्या केंद्रात खरखर ऐकू येते. म्हणून ड्यूटीवर असताना आमचा डोळा मॉड्युलेशन मीटरवरून हलत नसे.

दुसरी गोष्ट एफ.एम.ची, कारण परीक्षेत तुलना हमखास येते. वीज कडाडली, मोटर सुरू झाली की त्याचा गोंगाट मुख्यतः लहरीच्या आयामात मिसळतो. ए.एम.चा संदेश आयामातच असल्याने रिसीव्हरला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एफ.एम.मध्ये आयाम कायम आणि वारंवारता संदेशानुसार पुढे-मागे सरकते, म्हणून रिसीव्हर आधी लिमिटरने सगळी शिखरं एका उंचीवर छाटतो आणि मग वारंवारतेचा बदल वाचतो. संदेशाला धक्काही लागत नाही. त्याची किंमत बँडविड्थमध्ये मोजावी लागते. प्रसारणात कॅरियर जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे-तिकडे सरकते आणि आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत घेतात. बँडविड्थसाठीच्या कार्सनच्या नियमाने २ × (७५ + १५) = १८० किलोहर्ट्झ. मॉड्युलेशन इंडेक्स ७५ ÷ १५ = ५, म्हणजे एफ.एम.मध्ये तो १ च्या वर जाणं चालतं. मुलं इथे ए.एम.ची अट लावून बसतात. आणि एवढी जागा लागते म्हणून एफ.एम. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर. ए.एम.च्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात अशी केंद्रं मोजकीच मावली असती.

त्याच नियमाचे अभियंते कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवलं की एफ.एम.ने बँडविड्थ वाचत नाही, आणि ते खरंच आहे. दुसरे अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांनी उलट बाजूने विचार केला: वाचवायची कशाला, मुद्दाम जास्त वापरली तर गोंगाट कमी होतो. त्यांची पेटंट १९३३ ची. त्यांची एफ.एम. तयार करायची रीत तुझ्या पहिल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे, अनुनाद. संदेश आणि कॅरियरचा गुणाकार करून फक्त दोन साइडबँड घ्यायच्या, म्हणजे तुझी बीट्सची आकृती, आणि त्यात कॅरियर परत मिळवताना ती ९० अंशांनी सरकवून मिळवायची. तालात मिळवली तर ए.एम., ९० अंशांवर मिळवली तर आयाम जवळजवळ स्थिर आणि फेज डोलते. त्याच तीन लहरी, पण निपज वेगळी. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

अनुनाद१२

काका, ९० अंशांचं वाचून वहीत तीन बाण काढले आणि फिरवून पाहिले. साइडबँडचे दोन बाण मिळून कॅरियरला आडवे पडतात, म्हणून लांबी फारशी बदलत नाही. पटलं!

एक शेवटचं. सरावाच्या प्रश्नात आहे: लहरीचा सर्वांत मोठा आयाम २४ व्होल्ट, सर्वांत लहान ४ व्होल्ट, म्यू काढा. (२४ − ४) ÷ (२४ + ४) = ०.७१. पण मित्राने उत्तर १.४ काढलंय आणि तो म्हणतो आकृतीत ओव्हरमॉड्युलेशन आहे. कुणाचं बरोबर?

प्रयोगवही

आकृती बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि म्हणूनच प्रश्न चांगला आहे. ते ४ व्होल्ट कुठे मोजलेत ते बघ.

दोन कडा जवळ येतायत, पण कुठेही एकमेकींना टेकत नाहीत, आणि सर्वांत अरुंद जागी आयाम ४ आहे, तर तुझं ०.७१ बरोबर. कॅरियर १४, संदेश १०.

कडा दोन ठिकाणी शून्यावर मिटतायत आणि त्या दोन मिटलेल्या जागांच्या मधे एक छोटा फुगवटा आहे, ज्याची उंची ४ आहे, तर मित्राचं बरोबर. तो फुगवटा म्हणजे शून्याखाली गेलेली कडा, तिथे कॅरियरची फेज १८० अंशांनी उलटलेली असते. किमान आयाम उणे ४ धरायचा: (२४ + ४) ÷ (२४ − ४) = १.४. कॅरियर १०, संदेश १४. डायोड डिटेक्टर मात्र हा फुगवटा अधिक ४ म्हणूनच वाचेल, म्हणजे दरीच्या तळाशी एक खोटी टेकडी ऐकू येईल.

प्रॅक्टिकलमध्ये शंका राहायला नको म्हणून सी.आर.ओ. एक्स-वाय मोडवर टाकायचा, आडव्या अक्षाला संदेश आणि उभ्याला ए.एम. लहर. म्यू १ पेक्षा कमी असेल तर समलंब चौकोन दिसतो, आणि त्याच्या दोन समांतर उभ्या बाजूंची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे म्यू. १ झाला की त्याचा त्रिकोण होतो. १ च्या वर गेला आणि सर्किट खरा गुणाकार करणारं असेल, तर त्रिकोणाच्या टोकापलीकडे दुसरा छोटा त्रिकोण उघडतो. तुमच्या प्रश्नातल्या आकृतीचा फोटो टाक, बघून सांगते.